एका 'व्हय'नं गेलेलं टेंडर

फेब्रुवारीतला दुसरा सोमवार, सकाळी साडेदहा. साताऱ्याचं ऑफिस, वरचा मजला.

हजर: मालक. मालकांचे जावई, स्थापत्य अभियंता. साइट सुपरवायझर अण्णा. मी, सांगली शाखेतून, निविदांचं काम बघणारी. विषय: जत तालुक्यातल्या रस्त्याचं टेंडर का गेलं.

एवढं बैठकीच्या वहीत लिहून मी थांबले. पुढचं वाक्य काय लिहायचं यावरच भांडण होणार, हे चौघांनाही माहीत होतं. मालकांनी चहा सांगितला नाही. अण्णा दाराजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आठ महिने आम्ही एकमेकांना सहन करत आलो होतो, तेही पगारापुरतं.

सुरुवात आदल्या जूनमध्ये झाली. आमची लागोपाठ तीन टेंडरं गेली होती आणि त्यातलं एकही दरावर गेलं नव्हतं. एका ठिकाणी यंत्रांच्या मालकीचं प्रतिज्ञापत्र जुन्या नमुन्यात जोडलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी मोठ्या कामाचा पूर्णत्वाचा दाखला आमच्याकडे होता, पण तो साताऱ्याच्या कपाटात, आणि सांगलीत बसून मी तो नाहीच असं धरून लहान कामाचा जोडला. तिसऱ्या वेळी लोणंदच्या कामाची कार्यपद्धती तशीच्या तशी उचलून कवठे महांकाळच्या कामाला लावली. त्यात 'कालव्याचे पाणी वर्षभर उपलब्ध' हे वाक्य राहून गेलं. छाननी करणाऱ्या साहेबांनी त्यावर लाल पेनानं फक्त 'कुठे?' एवढंच लिहिलं होतं.

त्याच सुमाराला जावई पुण्याहून दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि येताना 'नॉलेज मॅनेजमेंट' हा शब्द घेऊन आले. फर्मचं ज्ञान माणसांच्या डोक्यात आहे, ते बाहेर काढून एका जागी ठेवायचं, म्हणजे प्रत्येक टेंडरला पहिल्यापासून धावाधाव करावी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. विचार बरोबर होता. राग येण्यासारखं एवढंच, की अकरा वर्षं मी याद्या करतेय ते त्यांना कधी दिसलं नव्हतं.

काम माझ्याकडेच आलं. सव्वा महिन्यात मी दोन्ही ऑफिसांची कपाटं उपसली. प्रत्येक दाखला स्कॅन केला, त्याला क्रमांक दिला, कुठल्या अटीला कुठला दाखला चालतो ते समोर लिहिलं. कुठलं कार्यालय कशावर हरकत काढतं, याची वेगळी वही केली. गेलेल्या प्रत्येक टेंडरसाठी एक पान ठेवलं, वर शीर्षक 'का गेलं'. या पानावर दोनच ओळी लिहायच्या आणि त्या खऱ्या लिहायच्या, असा माझा नियम होता. जुलैमध्ये मिरजेकडचं एक लहान काम आम्हाला याच याद्यांवर मिळालं. मालक खूश झाले.

"आता खरं नॉलेज अण्णाकडून काढ," ते म्हणाले.

अण्णा मालकांकडे, म्हणजे सगळ्यांच्या दादांकडे, सव्वीस वर्षं. जत तालुक्यातल्या कोरड्या पट्ट्यातलं मेंढपाळाचं घर, दहावी नापास, पदविका नाही. कुठल्या खाणीची खडी चाचणीत टिकते, कुठल्या डोंगराचा मुरूम पावसात वाहून जातो, कुठल्या गावाचा ओढा दिसतो कोरडा पण पुलाच्या पायाला पाणी लागतं, हे त्यांना पाठ होतं. आम्ही भरलेल्या प्रत्येक चांगल्या टेंडरात त्यांचं कुठलं तरी वाक्य असायचं, आणि जबाबदार अभियंता म्हणून नाव जावयांचं.

मी चौदा रकान्यांचा एक फॉर्म केला. खडी, मुरूम, वाळू, पाणी, मजूर, रस्ता, असं सगळं. वीस प्रती अण्णांकडे पाठवल्या. पंधरा दिवसांनी ते सांगलीला आले आणि टेबलावर चार घड्या घातलेला गठ्ठा ठेवला.

"अण्णा, हे कोरं आहे."

"व्हय."

"भरून द्यायचं होतं."

"तुमी भरा की मॅडम. लिवाय येतं म्हणून तर दादांनी तुमास्नी ठिवलंय."

"माहिती तुमच्याकडे आहे."

"हाय. आन दाखला तुमच्याकडं हाय. आदी दाखला द्या, मग काय इचारायचं ते इचारा."

दाखला म्हणजे अनुभवाचा दाखला. जतकडचा एक कंत्राटदार त्यांना साइटवर घ्यायला तयार होता. घरापासून मोटारसायकलवर जाण्याइतकं जवळचं काम. पण त्याच्याही टेंडरात कामावरच्या माणसाच्या अनुभवाचा लेखी पुरावा लागायचा, आणि पदविका नसलेल्या माणसाला तोच एक कागद असतो. अठ्ठावन्न वय, गुडघे गेलेले, आणि सव्वीस वर्षांच्या कामाचा अण्णांकडे एक ओळीचाही पुरावा नव्हता. हे मला त्या दिवशी कळलं. मला त्यांची दया आली नाही. माझे वीस फॉर्म कोरे आले होते, याचाच राग डोक्यात होता.

मी मालकांना विचारलं.

"दाखला दिला की सोमवारी तो दुसऱ्याच्या साइटवर," ते म्हणाले. "आधी सगळं लिहून घे. मग बघू." मग जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लिहून झाल्यावर तसं त्याचं काम तरी काय राहतं?"

पहिली वाक्यं मी डायरीत उतरवली. शेवटचं उतरवलं नाही.

अण्णांना मी सांगितलं, "दादांशी बोलतेय." यादीत लिहिलं: अण्णांचा दाखला. पुढच्या आठवड्याच्या यादीत ते पुन्हा उतरवलं. मग त्याच्या पुढच्या.

ऑगस्टपासून आम्ही साइट बघायला जाऊ लागलो. सांगलीहून कवठे महांकाळ, तिथून जत, फर्मची बोलेरो, गाडी चालवायला अण्णा. पहिल्या फेरीत तीन तासांत त्यांच्याकडून कामाचं एक वाक्य निघालं नाही. मी विचारलं, "हा मुरूम कसा?" ते म्हणाले, "मुरूमच हाय." मी विचारलं, "क्रशर किती लांब?" ते म्हणाले, "जाईल तसं कळंल." परतताना मी वैतागून, खरं तर स्वतःशीच, म्हणाले, "जावईसाहेब म्हणत होते, मुरूम या डोंगराचाच घ्यायचा."

अण्णांनी गाडीचा वेग कमी केला.

"कोन? पाव्हणं?"

"हो."

"पाव्हण्यांनी डोंगूर बगितला का फोटू बगितला?" मग पाच मिनिटं ते थांबले नाहीत. "ह्यो मुरूम न्हाई मॅडम, ही माती हाय. पानी लागलं की लोणी. मुरूम घ्यायचा त्या पल्याडच्या टेकाडाचा, त्यो बी वरचे दोन हात सोडून. पाव्हण्यांना म्हणावं, एकदा चप्पल काडून त्याच्यावर हुबं ऱ्हावा."

तिथे मला किल्ली सापडली. या माणसाला प्रश्न विचारला तर तो गप्प बसतो, पण कुणी चुकीचं बोललेलं त्याला सहन होत नाही. त्यानंतर मी प्रश्न विचारणं सोडलं आणि चुकीचं बोलायला लागले. निघायच्या आधी घरी बसून त्या दिवसाच्या चुकांची यादी करायची. "या क्रशरची खडी चांगली, सगळे इथूनच नेतात." "नेत्यात ती येडी हायेत. हितली खडी चपटी पडती, चाळणीत नापास हुती." "इथे मोरी एका नळीची पुरेल." "पुरंल की. पहिल्या पावसात नळी कर्नाटकात सापडंल." चहाला थांबलो की मी गाडीच्या मागे जाऊन सगळं उतरवून घ्यायचे, रकान्यासमोर लिहायचे: स्रोत, अण्णा. दीड महिन्यात चौदापैकी तेरा रकाने भरले. जावयांनी त्यावरून एक तक्ता केला, आणि तो मालकांना दाखवताना माझं नाव एकदाही घेतलं नाही.

अण्णांना कळलं नसेल असं मी धरून चालले होते. सप्टेंबरमध्ये एका टपरीवर वही लपवत मी गाडीमागून आले तर त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "लिवलं का सगळं? ती खडीची चाळण राहिली असंल. लिवा, न्हाईतर इसराल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, दुसऱ्या खेपंलाच. एवढं सगळंच चुकीचं बोलणारं मानूस टेंडर भरत न्हाई." ते हसले नाहीत. "तुमी दाखल्याचं बगताय म्हणून बोलतोय मी. फुकट न्हाई."

मी म्हणाले, "बघतेय." बघत नव्हते. यादीत होतं, एवढंच खरं.

ज्या टेंडरसाठी ही बैठक होती, त्याची साइट आम्ही ऑक्टोबरमध्ये बघितली. जत तालुक्यातला रस्ता, वाटेत चार मोऱ्या. या कामात दराचं पाकीट उघडण्याआधी कार्यपद्धतीला गुण होते, आणि खडी, मुरूम, पाणी कुठून आणणार ते लिहून द्यायचं होतं. लोणंदच्या कालव्याची चूक माझ्या डोक्यातून गेली नव्हती, म्हणून पाण्याच्या रकान्याखाली मी दोन रेघा मारून ठेवल्या होत्या.

त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या अण्णांनी विचारलं, "दाखल्याचं काय झालं?"

"यादीत आहे."

"कवाधरनं?"

"ऑगस्टपासून."

"मंजी तीन म्हयनं." त्यांनी गाडी सुरू केली. रस्त्याच्या डाव्या हाताला गावचा तलाव आला. परतीचा पाऊस होऊन गेला होता, तलाव काठोकाठ, पलीकडच्या बाभळी पाण्यात. मी गाडी थांबवायला सांगितली, फोटो काढला आणि आत बसून म्हणाले, "म्हणजे मोऱ्यांच्या काँक्रीटला आणि रस्त्याच्या दबाईला मार्चपर्यंत पाणी इथूनच."

हे मी मुद्दाम चुकीचं बोलले नव्हते. मला ते खरंच बरोबर वाटत होतं.

अण्णांनी तलावाकडे बघितलं, गिअर टाकला.

"व्हय," ते म्हणाले.

मी चौदावा रकाना भरला. स्रोत, अण्णा.

जानेवारीत बांधकाम खात्याच्या सांगलीच्या कार्यालयात सादरीकरण झालं. जावयांनी पडद्यावर तो फोटो लावला. समोरचे साहेब उंच, काटकुळे; पूर्वी टंचाईच्या कामावर जतला होते. त्यांनी चष्मा काढला.

"फोटो कधीचा?"

"ऑक्टोबरचा, सर."

"त्यानंतर कुणी गेलं होतं?"

जावयांनी माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली, जणू त्यात तलाव भरलेला सापडणार होता.

"मॅडम," साहेब शांतपणे म्हणाले, "त्या तलावाची भिंत झिरपते. दिवाळी झाली की महिन्याभरात रिकामा. आता तिथं मेंढरं बसतात. परवाच त्यातून गाडी आडवी घालून आलो मी."

बाकावर आमच्यामागे बसलेल्या दुसऱ्या एका कंत्राटदाराची माणसं हसली. त्यांनी पाण्यासाठी एका शेतकऱ्याच्या विहिरीचा करार जोडला होता. त्यांना गुण मिळाले. आमचं दराचं पाकीट उघडलंच नाही. बाहेर आल्यावर जावई सरळ गाडीकडे गेले, आणि मी अण्णांना फोन केला नाही. तलावात बसणारी ती मेंढरं अण्णांच्या थोरल्या भावाची होती, हे मला नंतर कळलं.

तर त्या सोमवारी मालकांनी सुरुवात केली.

"लिही. सुपरवायझरने चुकीची माहिती दिल्यामुळे निविदा अपात्र."

"माहिती त्यांनी दिली नाही," मी म्हणाले. "मी दिली. ते व्हय म्हणाले."

"तेच ते."

"न्हाई दादा," अण्णा कॅलेंडरवरची नजर न काढता म्हणाले. "तेच न्हाई. मला कुणी इचारलंच न्हाई. मॅडमनी सांगितलं, मी ऐकलं."

जावई उसळले. "तुम्हाला माहीत होतं तलाव कोरडा पडतो. तुमचं गाव आहे ते. मुद्दाम केलंत तुम्ही."

"पाव्हणं, कामावर जबाबदार अभियंता कोन? कागदावर?"

जावयांनी खुर्ची मागे सरकवली.

"मग जबाबदार मानसानं जाऊन बगायचं व्हतं. चप्पल काडून."

"ती म्हणाली तेव्हा तू नाही म्हणायचं होतंस," मालक म्हणाले. "व्हय का म्हणालास?"

"सव्वीस वर्सं तुमी म्हणता त्याला व्हयच म्हणत आलोय. सवय हाय."

मालकांचा चेहरा लाल झाला. मला त्या क्षणी अण्णांचा संताप आला होता. माझ्या नावावर आजवर गेलेल्या टेंडरांमध्ये इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तरीही ते वाक्य मला लिहिता येईना. 'का गेलं' या पानाचा नियम मीच केला होता.

"दादा, हे असं लिहिलं तर पुढच्या वेळी पुन्हा चुकू," मी म्हणाले. "अण्णांना काढून टाकलं की चूक संपली असं वाटेल. आपण पावसाळ्यानंतर एकदाच गेलो, ही चूक आहे. आणि सहा महिने दाखला लटकवला, ही दुसरी."

"तू पगार कुणाचा खातेस, बाई?"

"तुमचाच."

"मग दाखल्याचं तोंडातून काढू नकोस. काय लिहिणार त्यात? कुठली कामं केली त्यानं?"

मी फाइलमधून यादी काढली. ती मी आदल्या आठवड्यात केली होती. कुणी सांगितली नव्हती. अण्णांनी उभी केलेली सगळी कामं, गावासकट, पूर्णत्वाच्या दाखल्याच्या क्रमांकासकट. दोन पानं भरली होती. जावयांनी ती ओढून घेतली, वरून खाली बघितली, आणि पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले.

"हे बाहेर गेलं तर? यातल्या गेल्या दहा वर्षांतल्या प्रत्येक कामावर जबाबदार म्हणून माझं नाव आहे. देखरेख माझी होती अशी प्रतिज्ञापत्रं टेंडरांमध्ये जोडलीत आपण. तुम्हीच तयार केलीत ती."

हे खरं होतं. मीच केली होती, एकामागून एक, नमुना बरोबर आहे ना एवढंच बघून. आठ महिने आम्ही फर्मचं ज्ञान एका जागी गोळा करत होतो आणि त्यातून पहिली गोष्ट ही बाहेर आली होती. मालकांनी दाखला सहा महिने का अडवला, ते मला तेव्हा पूर्ण समजलं. माणूस दुसरीकडे जाईल ही भीती होतीच. पण त्या कागदावर खरं लिहिलं की आमचे बाकीचे कागद खोटे ठरत होते.

"दाखल्यासाठी सहा महिन्यांनी ये," मालक अण्णांना म्हणाले. "तेव्हा बघू."

अण्णा उठले. टोपी घातली. खिशातून बोलेरोची किल्ली काढून माझ्या वहीवर ठेवली, मालकांसमोर नाही.

"टाकीत डिझेल हाय. फुडच्या डाव्या चाकात हवा कमी पडती, भरून घ्या." दारात ते वळले. "मॅडम, तुमच्या फॉर्मात पंदरावा रकाना घाला. कवा बगितलं, त्यो."

ते गेले. मालक म्हणाले, "माजलाय." जावई फोन घेऊन खिडकीपाशी गेले. मी 'का गेलं' या पानावर लिहिलं: पाण्याचा स्रोत एकाच ऋतूत पाहिला. माहिती देणाऱ्या माणसाला कबूल केलेला दाखला दिला नाही. दोन ओळी. मालकांनी ते पान वाचलं, फाडलं नाही, सहीही केली नाही. खाली मोटर स्टँडपर्यंत मी चालत गेले आणि सांगलीची गाडी धरली; बोलेरोची किल्ली मालकांच्या टेबलावरच ठेवली.

त्याला आता दोन आठवडे झाले. पंधरावा रकाना घातला आहे. खाणींची यादी पुन्हा तपासायला जावई जाणार होते, गेलेले नाहीत. पुढच्या महिन्यात जतकडचंच आणखी एक टेंडर निघतंय आणि त्याची जागा पाहायला आमच्याकडे माणूस नाही.

काल दुपारी अण्णांचा फोन आला. मागे टँकरचा भोंगा आणि मेंढरांचा आवाज.

"मॅडम, हितल्या मालकाचं टेंडर शुक्रवारी बंद हुतंय. दाखला व्हत असंल तर व्हय म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा. यादीत हाय असं तेवढं सांगू नका."

मी म्हणाले, "उद्या सांगते." तेही 'यादीत आहे'सारखंच झालं.

दाखला तयार आहे. फर्मच्या लेटरहेडवर, खाली कामांची दोन पानं जोडलेली, आणि मधलं वाक्य मी चार वेळा बदलून शेवटी साधंच ठेवलं आहे: 'सदर कामे यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली पूर्ण झाली.' मालकांना मी तो दोनदा पाठवला, उत्तर नाही. त्यांच्या डिजिटल सहीचं टोकन, कॉम्प्युटरला लावायचं पेन ड्राइव्हसारखं, सांगलीला माझ्या खणात असतं आणि पिन मला पाठ आहे. प्रत्येक टेंडरवर त्यांची सही मीच उमटवते, त्यांनी फोनवर हो म्हटल्यावर. या वेळी हो म्हटलेलं नाही. ते टोकन लावून काम होईल, पण ती सही त्यांची राहणार नाही, आणि तसा कागद अण्णांच्या हातात द्यायचा नाही एवढं मी ठरवलं आहे. म्हणजे साताऱ्याला जाऊन समोर बसावं लागणार, ती प्रतिज्ञापत्रं मी केली हे स्वतःच्या तोंडानं सांगून.

आज बुधवार. आजच्या यादीतली पहिली ओळ: अण्णांचा दाखला, मालकांची सही. अजून खूण केलेली नाही.